आधी कढीपत्त्याची कुंडी, मग ताडोबा

आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शिट पडलेली होती. काळीपांढरी, ओलसर, चकाकणारी. झाडाला पाणी घालताना उडवून टाकू म्हणत तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की शिट पान खातेय. ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती अशीच दिसते, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मीही बघितलं नव्हतंच.

त्याच वर्षी मी वाघासाठी जाऊन-येऊन दीड हजारावर किलोमीटर गाडी हाकली होती. हाती लागला तो धुळीतून दिसणारा वाघाचा पार्श्वभाग, तोही पुढच्या जिप्सीतल्या काकांच्या टोपीसकट. कढीपत्त्याच्या कुंडीने मात्र अंड्यापासून पंखांपर्यंतची अख्खी मालिका दिली. खर्च शून्य.

वाघाच्या मागे जाऊ नका असं मी म्हणत नाही, मी अजूनही जातो. पण फोटोची ‘जागा’ शोधण्यात आपण फार वेळ घालवतो. शोधायचं असतं ते पोट. कोणाचं पोट कुठे, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी भरतं हे कळलं, की कॅमेरा घेऊन कुठे बसायचं ते आपोआप कळतं. हे गॅलरीत जितकं खरं, तितकंच ताडोब्यात.

सुरुवात गॅलरीपासून

फुलपाखरं अंडी कुठेही घालत नाहीत. अळीला जे झाड खाता येतं त्यावरच घालतात. कढीपत्ता आणि लिंबू असेल तर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय, पानफुटी असेल तर रेड पिएरो, कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटात रुई असेल तर प्लेन टायगर. म्हणून फुलपाखरामागे धावण्याऐवजी झाड लावा आणि थांबा. एखादं फुलपाखरू फुलांकडे न जाता पानापानाला पाय लावत फिरताना दिसलं, तर ती मादी आहे. ती पान चाखून बघतेय. पोट खाली वळवून क्षणभर टेकली, की तिथे मोहरीएवढं पिवळसर अंडं सापडेल, बहुतेक कोवळ्या पानावर.

त्यानंतर रोज सकाळी एक फोटो काढायचा. अळी मोठी झाली की कात टाकून हिरवी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं, वास येणारं शिंग बाहेर काढते. फोटोसाठी मुद्दाम डिवचू नका, मुंग्या ते काम करतातच. पुढे कोष होतो. त्यानंतर आठदहा दिवसांनी कोष काळपट पडतो आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसू लागते. तसं झालं, की दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर लावा. फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर पडतं आणि पंख वाळेपर्यंत तासभर तरी हलत नाही. मोबाइलवाल्यालाही इतका वेळ पुरतो.

कुंडीचा आणखी एक फायदा म्हणजे हा स्टुडिओ सरकवता येतो. मागे भिंत येत असेल तर कुंडी कठड्याकडे घ्या. मागचं झाड जितकं लांब, तितकी पार्श्वभूमी मऊ. सावलीची बाजू फार काळी पडत असेल, तर थर्मोकोलचा पांढरा तुकडा टेकवून ठेवा. आणि घरात सांगून ठेवा, की या फांदीचा कढीपत्ता फोडणीला घ्यायचा नाही. आमच्याकडची एक मालिका पोह्यांमुळे अर्धवट राहिली आहे.

उन्हाळ्यात कठड्यावर पाण्याचं भांडं ठेवता ना? ते पसरट मातीचं घ्या, पाणी जेमतेम दोन बोटं. त्याच्या शेजारी, हातभर उंचीवर, एक वाळकी फांदी बांधा. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाहीत. आधी जवळच्या फांदीवर बसून चौफेर बघतात. फोटो त्या फांदीवर मिळतो, प्लास्टिकच्या बादलीवर नाही. बुलबुल, दयाळ, शिंपी, नाचण, सगळे हेच करतात.

मग घराभोवतीचा एक किलोमीटर

मोबाइलवर आपल्या भागाचा उपग्रह नकाशा उघडा आणि तीन गोष्टी शोधा: पाणी, दाट झाडी आणि कोणीही न वापरलेली पडीक जमीन. पडीक जमीन बहुतेक जण सोडून देतात. गवत, रुई, घाणेरी आणि दगडांचा ढीग असलेला प्लॉट हा नीटनेटक्या बागेपेक्षा शंभर पटींनी चांगला. बागेत माळी रोज झाडतो, फवारतो, मग तिथे उरणार काय?

यानंतर झाडांची यादी करा. मला विचाराल तर घराजवळ यापेक्षा उपयोगाचं दुसरं काम नाही. काटेसावर, पळस आणि पांगारा कुठे आहेत ते टिपून ठेवा. हिवाळा सरता सरता, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ही झाडं पानं टाकून फुलतात. पानंच नसल्यामुळे पक्षी लपत नाहीत आणि फुलांत मध असल्यामुळे तिथून हलतही नाहीत. एका पळसावर तासाभरात जांभळा शिंजीर, भांगपाडी मैना, साळुंकी, कोतवाल, हळद्या आणि पोपट असे सगळे हजेरी लावून जातात. वड, पिंपळ आणि उंबर फळांवर आले की तांबट, कोकीळ, राखी धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल. हरियाल वडात शिरला, की हिरव्यात हिरवा होतो आणि आवाजाखेरीज काही हाती लागत नाही. पण थंडीत सूर्य उगवताना त्याचा थवा उंच, निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसतो. ती पंधरावीस मिनिटं त्याचीही आणि आपलीही.

झाड ठरलं, की लगेच फोटो काढू नका. पंधरा मिनिटं नुसतं बघा. पक्षी कोणत्या बाजूने येतात, आधी कोणत्या फांदीवर टेकतात, कोणता गुच्छ ताजा आहे. मग सूर्य आपल्या पाठीशी आणि गुच्छाच्या मागे मोकळी जागा येईल असं उभं राहायचं. मागे नुसतं आकाश असेल तर पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढवा.

आता एक शहरी युक्ती. झाडाखाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघितलं, तर पक्ष्याचं पोटच दिसतं. शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याचा जिना किंवा गच्ची मिळाली, तर तोच पक्षी डोळ्यांच्या रेषेत येतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, वॉचमनदादांना काढलेला एखादा फोटो दाखवा. दुर्बीण आणि लांब लेन्स घेऊन न विचारता गच्चीवर चढलेल्या माणसाबद्दल लोक काय विचार करतात, ते मी स्वानुभवाने सांगू शकतो, पण सांगणार नाही.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, झाड, कोण आलं, ऊन कुठून होतं, एवढंच. एकाच जागी दहा वेळा जाऊन लिहिलेली दोन पानं दहा जागी एकेकदा जाऊन आल्यापेक्षा जास्त शिकवतात. पळस गेल्या वर्षी कधी फुलला ते आठवणीवर सोडलं, तर दरवर्षी आठवडाभर उशिराच पोचाल.

दोन तासांच्या अंतरात

इथे पाणी आणि माळरान असे दोन मोठे पर्याय आहेत. पुण्याला कवडीपाट, पाषाण तलाव आणि भिगवण, नाशिकला नांदूर मध्यमेश्वर, ठाणे-मुंबईला ठाणे खाडी. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० साली जाहीर झालेलं. ठाणे खाडीला तो दर्जा २०२२ मध्ये मिळाला. पण पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची.

भिगवणचंच घ्या. भीमेवरच्या उजनी धरणाचा हा फुगवटा. रोहित पक्षी डोकं उलटं करून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातो, म्हणजे त्याला पाण्याइतकीच उथळ कडाही लागते. पाऊस चांगला झाला आणि धरण तुडुंब भरलं, की डिसेंबरातही कडा बुडालेल्या असतात आणि रोहित मोजकेच दिसतात. पाणी जसजसं उतरतं, तसतसे जानेवारीपासून पुढे थवे वाढतात. लोक मात्र नाताळच्या सुट्टीत जाऊन ‘यंदा पक्षी आलेच नाहीत’ म्हणत परत येतात. निघण्याआधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या होडीवाल्याला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. ‘पक्षी आहेत का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर हो असंच येतं.

होडीत बसल्यावर पहिली विनंती अशी करा, की थवा लांबून दिसला की इंजिन बंद आणि पुढे बांबूने. दुसरी, होडी थव्याच्या अशा बाजूला न्या की सूर्य आपल्या पाठीशी राहील. उभं राहून नव्हे, खाली बसून, लेन्स काठाच्या जेमतेम वर ठेवून फोटो घ्या. पाण्याच्या पातळीवरून घेतलेला शेकाट्याचा फोटोही उभ्याने घेतलेल्या रोहितपेक्षा देखणा येतो. आणि थव्याकडे बघत राहा. माना खाली असतील तोवर सगळं ठीक. सगळ्यांनी माना वर करून एकाच दिशेने चालायला सुरुवात केली, की थांबा आणि मागे या, कारण यापुढची पायरी उडण्याची असते. होडीवाले कधी कधी गिऱ्हाइकाला खूश करायला थवा उडवतात. त्यांना आधीच सांगून ठेवायचं, की दादा, उडालेला फोटो नको, घाई नाही. तरी तो आपणहून उडतोच. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि तसेच उतरतात. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असतील अशी सकाळ मिळाली, तर शटर १/२००० सेकंदावर ठेवून तयार राहा. रोहितांच्या नादात पट्टकादंब आणि चित्रबलाकांकडे पाठ फिरवू नका.

ठाण्याच्या खाडीत हेच गणित भरती-ओहोटीचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि रोहित लांबवर पांगतात. भरतीचं पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. ऐरोलीहून सुटणाऱ्या होड्यांच्या वेळाही भरतीवरच ठरतात. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. हे ढोबळ आहे आणि खाडीत आत जावं तशी भरती थोडी उशिरा पोचते, त्यामुळे शेवटी वेळापत्रक बघाच. पण कॅलेंडरवर नजर टाकून ‘या रविवारी जाऊ की पुढच्या’ हे ठरवायला पाऊणकी पुरते.

माळरान म्हणजे सासवड, सुपे, इंदापूरचा पट्टा. लांबून ओसाड दिसणाऱ्या या गवतात चिंकारा, लांडगा, खोकड आणि धाविक, पखुर्डी, हिवाळ्यात भोवत्ये असे पक्षी असतात. इथे गाडी हेच लपण. चालत जाणारा माणूस दिसला की धाविक पळत सुटतो, पण शेजारी येऊन थांबलेल्या गाडीकडे तो फारसं लक्ष देत नाही. इंजिन बंद, काच खाली, काचेवर तांदूळ भरलेली कापडी पिशवी आणि त्यावर लेन्स. पायवाट सोडून गाडी गवतात घालू नका. टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टायरखाली गेलेली कळतही नाहीत. मेंढपाळ भेटले तर जरूर बोला. लांडग्याची बातमी त्यांच्याइतकी पक्की कोणाकडेच नसते, कारण मेंढ्या त्यांच्या जातात.

पावसाळ्यात घरी बसू नका

मे अखेरीस सुरुवात काजव्यांनी होते. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची, पहिला मोठा पाऊस कोसळेपर्यंतचे दोनतीन आठवडे. उजेड असतानाच पोचा. हिरडा, बेहडा किंवा सादड्याचं एखादं सुटं झाड हेरा, ट्रायपॉड लावा, दिवसाउजेडी फोकस करून तो मॅन्युअलवर अडकवून टाका. अंधारात वीस-वीस सेकंदांचे पंचवीसतीस फोटो घ्या आणि घरी एकावर एक चढवा. टॉर्च लावू नका, मोबाइलसुद्धा खिशात. काजव्याचं चमकणं हे मादीला दिलेलं बोलावणं असतं. आपल्या उजेडात ते बुडून जातं.

जून-जुलैत आंबोली. इथे भर पावसात, रात्री, गाइड घेऊन चालायचं. पाण्यावर लोंबणाऱ्या पानावर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला, तर ते मलबारच्या उडत्या बेडकाचं घरटं. हिरवागार बेडूक आसपासच असतो. आंबोली टोड हा छोटासा भेक या परिसराबाहेर जवळपास कुठेच नाही आणि तो कातळावरच्या उथळ डबक्यांत, रस्त्याकडेला असतो. त्यामुळे लेन्सआधी पायाखाली बघा. चापडा साप फांदीवर वेटोळं घालून तासन्‌तास बसतो, त्याला काठीने ‘नीट’ बसवणारा गाइड मिळाला तर त्याला तिथेच थांबवा. माझी पहिली आंबोलीची रात्र मात्र धुक्यात गेली, तीही लेन्सवरच्या. एसी लावलेल्या गाडीतून थंडगार कॅमेरा बाहेर काढला आणि अर्धा तास काचेवरचं बाष्प पुसत बसलो. पुसून जात नाही ते. तेव्हापासून पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद आणि काचा उघड्या.

ऑगस्टच्या शेवटापासून कास. तेरडा, सोनकी, कवला, सीतेची आसवं, गेंद. कधी कधी सात-आठ वर्षांनी येणारी कारवी. शनिवार-रविवार टाळा. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा, पाकळ्यांचे रंग कडक उन्हात उडतात. पायवाटेवरच गुडघ्यावर बसून लांब लेन्सने फुलं नीट येतात, फुलांत शिरायची गरज नसते. आणि एक गोष्ट हळूच सांगतो: रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, याच सुमाराला फुलतात. तिथे ना तिकीट, ना गर्दी. सीतेची आसवं आणि गेंद तिथेही असतात. कोकणात कोणी नातेवाईक असतील तर गणपतीला जाताना कॅमेरा न्या, आरती झाली की सड्यावर.

आता लांब जा

लांबची जागा निवडताना मी एकच बघतो: तिथे जे आहे ते माझ्या दोन तासांच्या अंतरात आहे का? असेल तर जायचं कशाला? वाघ नाही, म्हणून ताडोबा. सायकलरिक्षातून, जमिनीवरून, पाणपक्ष्यांच्या इतक्या जवळ जायला मिळत नाही, म्हणून भरतपूर. नदी सुरय आणि मगर एकाच होडीतून, म्हणून म्हैसूरजवळचं रंगनथिट्टू. रानगाढवांच्या मागे अथांग सपाट क्षितिज हवं, म्हणून कच्छचं छोटं रण.

महिना ठरवायला ईबर्ड ही पक्षीनोंदींची वेबसाइट उघडा. कोणत्याही ठिकाणाचा वर्षभराचा तक्ता तिथे दिसतो, कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात किती वेळा नोंदला गेला. गेल्या पंधरा दिवसांतल्या नोंदीही चाळा. कीटक, बेडूक, फुलं यांच्यासाठी तशीच आयनॅचरलिस्ट ही वेबसाइट. काही दुर्मीळ प्रजातींची नेमकी जागा तिथे मुद्दाम लपवलेली असते. त्यामागे कारण आहे, ती खोदून काढत बसू नका. आपणही घरटं किंवा घुबडाची ढोली टाकताना फोटोतून ठिकाण काढून टाकावं.

ताडोबा १९५५ पासूनचं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असतं. एप्रिल-मेमध्ये वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून झुंबड उडते. दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त, हे खरं. पण नऊ वाजताच ऊन पांढरं होतं, जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ येतात. हिवाळ्यात वाघ कमी दिसेल, पण दिसला तर धुक्यातून येणाऱ्या तिरप्या उजेडात दिसेल. मला हिवाळा आवडतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मात्र मी मार्चच सांगतो. एका सफारीसाठी इतक्या लांब जाऊ नका. चार घ्या, शक्यतो एकाच गेटमधून. म्हणजे चौथ्या फेरीला तुम्हालाही रस्ता, पाणवठे आणि सावल्या ओळखीच्या झालेल्या असतात. परवडत नसेल तर बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलातल्या, फेऱ्या मिसळा.

गाभ्यात मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा ‘दुसरा कॅमेरा’ त्याला समजू नका. लेन्स आत बदलायची नाही, धूळ सेन्सरवर बसते. कापडी पिशवी रिकामी न्या, तांदूळ तिथे मिळतो. आणि ड्रायव्हरदादांना आत शिरतानाच सांगा, की आम्हाला फक्त वाघ नको. याने दोन गोष्टी होतात. त्यांच्यावरचा ताण जातो, गाडी पळवणं थांबतं. आणि मग तेच रस्त्याकडेची रानकुत्री, मोहाखाली मोहफुलं खाणारी चितळं, पाण्यावर येणारा तुरेवाला सर्पगरुड दाखवू लागतात. वाघाची चाहूलही याच थांबण्यात लागते, चितळ किंवा वानर ओरडतं ते इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही.

घरट्याजवळ जाऊन फोटो, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, घुबडासमोर उंदीर सोडणं, हे प्रकार कितीही मोठ्या माणसाने केले तरी करू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. शिवाय असा फोटो दुसऱ्या फोटोग्राफरला बघताक्षणी ओळखू येतो.

परत आल्यावर त्याच रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवा आणि वहीत लिहा: पाणी किती होतं, ऊन कुठून होतं, कोणाचा नंबर घेतला. माझ्या वहीत भिगवणच्या पानावर एका होडीवाल्या दादांचा नंबर आहे. यंदाही ऑक्टोबर संपता संपता फोन लावला.

‘‘दादा, पाणी किती उतरलंय?’’

‘‘कसलं उतरतंय! माझी होडी अजून बाभळीला बांधलीय. संक्रांत होऊ द्या, मग या.’’

तोवर गॅलरीत लिंबाचं दुसरं रोप लावलंय.